ठोके रोज चार मिनिटं आधी

८ नोव्हेंबर, शनिवार

ठोके आज १२.५२ ला सुरू, १.३२ ला बंद. परवा १.०१, काल १२.५७. रोज चार मिनिटं आधी. जवळजवळ.

सावकाश लिहितोय. घाईत लिहिलं की मी आकडे गोल करतो.

सूर्य-चंद्र सोडले तर आकाशातली गोष्ट रोज चार मिनिटं आधी डोक्यावर येते. जमिनीवरचं सगळं घड्याळावर चालतं, रोज त्याच वेळेला: शाळेची घंटा, एसटी, विहिरीवरच्या मोटारीची लाइट. तेव्हा जे चार मिनिटांनी सरकतं ते आपलं नसतं. हे मला बिराजदार सरांनी नववीत शिकवलं, इथंच येडशीला. आज तेच सर गच्चीवर माझ्या शेजारी खुर्चीत बसून होते. जिना चढून आल्यावर दहा मिनिटं बोलले नव्हते. मग म्हणाले, "काय म्हणतोस?"

म्हणालो, तीनच दिवस झालेत.

"तीन मला मोजता येतात. तुला काय वाटतं ते विचारलं."

मला वाटतं ते सांगितलं नाही. इथंही लिहीत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

१२.४८.

चार वर्षं झाली ही डिश सरांच्या गच्चीवर बसवून. लोहाऱ्याच्या एका केबलवाल्याकडं भंगारात पडली होती, जाळीची, आठ फुटी. खाली वीट लावून तिरकी करून ठेवलीय. आभाळ तिच्यासमोरून सरकत जातं, ती हलत नाही. तिच्यातून येणारं लॅपटॉपवर रेघेसारखं उमटतं. चार वर्षांत सूर्य दिसला, आकाशगंगेचा हायड्रोजन दिसला, तोही पुसट. बाकी खरखर. मी सकाळच्या सत्रात धाराशिवला अकरावी-बारावीला भौतिक शिकवतो, साडेअकराला सुटतो, दुपारी इकडं येतो. माझी बायको सुनंदा याला दुसरी नोकरी म्हणते, बिनपगारी.

आणि आता हे ठोके. सव्वा सेकंदाला एक. चाळीस मिनिटं. मग शांत.

असे ठोके देणारे तारेही असतात. पण त्यांचा आवाज आमच्या डिशला ऐकू येणं शक्य नाही, फार क्षीण असतो. आठ फुटी डिशला ऐकू येईल इतक्या जोरात कुणी ठोकत असेल तर ते कुणीतरी

वाक्य पुरं करत नाही.

१० नोव्हेंबर, सोमवार

१२.४४.

आमच्या भागात पहिला संशय झटक्यावर. रानाभोवतीच्या तारेत झटका सोडणारं मशीन, डुकरांसाठी. तेही सेकंदा-सव्वासेकंदालाच ठोका देतं, आणि तार गवताला टेकली की ठिणगी उडते, ती रेडिओत ऐकू येते. हे मला पहिल्याच दिवशी सुचलं होतं. म्हणून दुपारभर फिरलो. सरांच्या घरामागं अर्ध्या किलोमीटरात पाच रानं. चौघांना समक्ष भेटलो. चौघांचं उत्तर एक, मशीन रात्रीच लावतो. पाचवं आमच्या चुलतभावाचं, बाळूदादाचं, सर्वांत जवळचं. त्याला फोन केला. म्हणाला, "दिवसा कशाला लावू? बाया हायत रानात. रातीला लावतो, सकाळी माझ्या हातानं बंद करतो."

सरांना सांगितलं. त्यांनी वहीत लिहिलं: झटका नाही. खाली दोन रेघा मारल्या.

दोन रेघा मी मारल्या नसत्या. पण बोललो नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

१२.३२.

काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, फाटकातच गाठलं. सरांच्या हृदयाची झडप बदलायची आहे. सोलापूरला २४ तारीख मिळाली आहे. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते असं की सर ती तारीख पुढं ढकलायचं म्हणतायत. त्यांना महिनाभराच्या सलग नोंदी हव्यात, ५ डिसेंबरपर्यंत.

वर गेलो. विषय काढला. सर म्हणाले, पन्नास वर्षं वाट पाहिली, महिनाभरानं काय होतंय. डॉक्टर काय म्हणाले ते विचारलं तर म्हणाले, "डॉक्टरला काय, त्याला रोज कुणीतरी सापडतंय."

मी हसलो. हसायला नको होतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

१२.१९. म्हणजे दहा दिवसांत बेचाळीस मिनिटं. ताऱ्याच्या हिशेबानं एकोणचाळीस व्हायला हवीत. तीन मिनिटं जास्त.

आणखी दोन गोष्टी खटकतात. आमच्या डिशसमोरून तारा सरकायला साधारण अर्धा तास लागावा, हे चाळीस मिनिटं टिकतं. आणि ताऱ्याचा आवाज हळूहळू चढून हळूहळू उतरायला हवा. हा येतो आणि जातो, मधे चढ-उतार आहे पण सुरुवात धारदार.

सरांकडं तिन्हीला उत्तर आहे. लॅपटॉपचं घड्याळ. डिश वाकडी आहे, तिचं तोंड फाकलंय. आणि धारदार सुरुवात? "ते चालू करत असतील तसं."

म्हणालो, सर, आपण डिश वळवून पाहू. पाच मिनिटांचं काम. विटा काढायच्या, तोंड जमिनीकडं करायचं. ठोके गेले तर आभाळातले, राहिले तर इथले.

सर म्हणाले, नको. एकदा हलली की परत तिथंच बसेल याची खात्री नाही. मालिका तुटेल. महिना होऊ दे, मग खुशाल वळव.

तर्कात खोट नाही. पण पाच मिनिटांचा प्रयोग महिनाभर थांबवायचा, हे त्यांनीच मला शिकवलेल्या कशातच बसत नाही. मी ऐकलं. मान राखला की मलाच भीती वाटली, हे स्वतःला विचारतोय.

रात्री जेवताना सुनंदाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, सापडले तर त्यांना विचारा, नळाला रोज पाणी कसं सोडायचं ते. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तुम्हाला खरंच वाटतंय की."

१८ नोव्हेंबर, मंगळवार

ठोके १२.११. मी गच्चीवर पोचलो तेव्हा सुरू झालेले होते. आता रोजच असं होणार, ते आधी आधी येतायत आणि मी साडेअकराच्या आत निघू शकत नाही. सुरुवातीची नोंद एकटे सर करतात. म्हणजे ते एकटे जिना चढतात.

लॅपटॉप आपोआप नोंदवतो की, म्हणालो. सर म्हणाले, लॅपटॉप नोंदवतो, ऐकत नाही.

काकू चहा घेऊन वर आल्या होत्या. सर खाली तोंड धुवायला गेल्यावर त्यांनी विचारलं, "खरंच हाय का हो कुणी तिकडं?"

असू शकेल, म्हणालो.

"असू शकंल म्हणून माणसानं जीव द्यायचा व्हय? तुमी सांगा त्यान्ला. माझं न्हाय ऐकत, तुमचं ऐकतील."

म्हणालो सांगतो. सांगितलं नाही. का नाही? कारण सर सोलापूरला गेले तर मालिका तुटेल. हे मी आज स्वतःच्या डोक्यात स्पष्ट ऐकलं, माझ्याच आवाजात.

२० नोव्हेंबर, गुरुवार

तारीख पुढं ढकलली. सरांनी स्वतः दवाखान्यात फोन करून. त्यांचा मुलगा महेश पुण्याहून मला फोनवर बोलला. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, कधी आवाज चढवत नाही. आजही चढवला नाही. म्हणाला, "दादा, बाबांचं समजू शकतो. तुम्ही तर शिकलेले आहात."

सरांनी पुण्याच्या एका प्राध्यापकांना ई-मेल केला. दोघांच्या सहीनं. मला पाठवण्याआधी दाखवला. त्यात तीन मिनिटांच्या फरकाचा उल्लेख नव्हता. म्हणालो, हे घालू या. सर म्हणाले, पहिल्या पत्रात शंका लिहिल्या तर दुसरं पत्र कुणी वाचत नाही. मी 'ठीक आहे' म्हणालो.

ठीक नव्हतं. तारीख घालून लिहून ठेवतो.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

११.४२ (सरांची नोंद).

प्राध्यापकांचं उत्तर आलं. चार ओळी. उत्साहाबद्दल अभिनंदन. मग: डिश दुसरीकडं वळवून पाहिली का?

सरांनी मोठ्यानं वाचून दाखवलं आणि फोन उलटा करून खुर्चीवर ठेवला. ओठ निळसर दिसत होते. उन्हाचा भास असेल म्हणून सावलीत आणून पाहिलं. निळसरच होते.

म्हणालो, सर, आता वळवतो. ते म्हणाले दहा दिवस राहिले. मी म्हणालो दहा दिवस तुम्ही हा जिना चढायचा नाही. "मग तू नोकरी सोड," म्हणाले. शांतपणे. गंमत नव्हती.

परत येताना गाडी रेल्वे फाटकापाशी थांबवली आणि बराच वेळ उभा राहिलो. समजा हे खरं आहे. समजा आपल्या हयातीत, येडशीच्या एका गच्चीवर. मग एक म्हातारा आठ-दहा दिवस जिना चढला तर काय मोठंसं? लोकांनी याहून लहान गोष्टींसाठी जीव दिलेत. असा विचार केला. तो माणूस दुसरा कुणी असता तर केला असता का? महेशचा बाप नसता आणि माझा बाप असता तर?

घरी आलो.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

ठोके ११.३३. एकवीस दिवसांत अठ्ठ्याऐंशी मिनिटं. ताऱ्याची त्र्याऐंशी झाली असती. फरक आता पाच.

वार्षिक तपासणीचं काम, दोन तास वाया. गॅस संपला. संध्याकाळी वहिनीचा, बाळूदादाच्या बायकोचा, फोन आला होता. भावजी, तुमचं यंत्र बिघडलंय म्हणाली. कुठलं यंत्र? गेल्या साली वानरांसाठी बनवून दिलेलं. रामलिंगाच्या जंगलाकडून वानरं येतात ती बाया जेवायला घरी गेल्या की उतरतात, म्हणून तेवढ्या वेळापुरता झटका आपोआप सुरू व्हावा असा टायमर तिला करून दिला होता. बटण दाबलं त्या वेळेपासून रोज त्याच वेळेला, चाळीस मिनिटं. मला वाटलं होतं तो पावसाळ्यात भिजून गेला. तिनं उन्हात वाळवला, दिवाळीनंतर परत जोडला. दीड वाजता बटण दाबून दिलं होतं म्हणाली. आणि आता, "रोज जरा लवकरच जागं होतंय बगा. आज गयाबाईला साडेअकरालाच बसला की झटका, भाजी तोडताना. चांगली ओरडली."

रविवारी येऊन बघतो म्हणालो.

हे वरचं लिहिलं आणि थांबलो. परत वाचलं.

दीड वाजता. चाळीस मिनिटं. रोज जरा लवकर.

टायमरच्या चिपला वेळ नेमकी राखणारा क्रिस्टल लावला नव्हता. हाताशी नव्हता, तर आतल्या घड्याळावरच चालवला. ते घड्याळ शेकड्यात अर्ध्याच्या आसपास पुढं-मागं जातं. दिवसाची १४४० मिनिटं. त्यातली चार.

बाळूदादाला विचारलं होतं. तो रात्रीचं लावतो, त्यानं रात्रीचं सांगितलं. दुपारचं वहिनी बघते. रान ती बघते, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे, आणि फोन मी केला दादाला.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सांगितलं नाही.

गच्चीवर गेलो होतो. सर विचारत होते, हयात म्हणजे नेमकी किती धरायची. म्हणाले, माझी संपत आली, तुझी अर्धी शिल्लक, महेशच्या मुलीची सगळी. त्यातली कुठलीही चालेल. "पण माझ्यात झालं तर मला बघता येईल, एवढाच स्वार्थ."

यानंतर कसं सांगायचं? आणि अजून सिद्ध कुठं झालंय. पाच मिनिटांचा फरक, चाळीस मिनिटं, दीड वाजता, सगळं जुळतं, पण जुळतं म्हणजे सिद्ध नव्हे. आधी पक्कं करावं, मग बोलावं. हे मला प्रामाणिक वाटतंय. मला जे सोयीचं असतं ते बहुतेक वेळा प्रामाणिक वाटतं.

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळी रानात गेलो. वहिनी वाफ्यात होती. पेटी उघडली, टायमर माझाच, माझ्या हातचं सोल्डरिंग, ओबडधोबड. तारेला दोन ठिकाणी गवत टेकलेलं. ११.१९ ला वायर काढली. म्हणजे आजचे ठोके सुरू व्हायच्या दोन मिनिटं आधी.

सरांना सांगितलं नव्हतं. मुद्दाम. ऐकणाऱ्याला माहीत नसावं, तरच चाचणी खरी. तसं नियमानंच केलं.

बांधावर बसून राहिलो. सरांची गच्ची तिथून दिसते. डिश दिसते. सर दिसत होते. अकरा पंचविसाला उठून डिशच्या मागं गेले. मग खाली गेलेले दिसले. परत वर. वायर हातात धरून शेवटापर्यंत आले. परत खाली. मला वाटलं आता उठावं, फोन करावा, सांगावं. चाळीस मिनिटं पुरी होऊ दे म्हणालो. चौथ्यांदा खाली गेले ते वर आले नाहीत.

बारा पाचला काकूंचा फोन. जिन्याच्या मधल्या पायरीवर बसले होते, घामानं भिजून. बाळूदादाच्या पिकअपमधून धाराशिवला नेलं. वाटेत माझा हात धरून म्हणाले, "आज आले न्हाईत रे."

वायर अजून काढलेलीच आहे. चाचणी यशस्वी झाली असं म्हणता येईल.

१ डिसेंबर, सोमवार

सर धाराशिवच्या दवाखान्यात. धोका टळला म्हणाले, तात्पुरता. सोलापूरला लवकरात लवकर न्या म्हणाले. सर बोलत नाहीत. महेश आलाय. मला बघून त्यानं खुर्ची दिली. त्याला काही माहीत नाही.

कॉलेजातून रजा घेतली. दुपारी येडशीला परत येऊन रानातलं मशीन हातानं चालू केलं, मग गच्चीवर विटा काढल्या, डिशचं तोंड जमिनीकडं केलं. ठोके तसेच. पाच मिनिटं लागली. खरं म्हणजे चार.

२ डिसेंबर, मंगळवार

सांगितलं. काकू आणि महेश खाली चहाला गेले तेव्हा. शक्य तितकं शब्दशः लिहून ठेवतो.

"सर, परवा ठोके आले नाहीत ते मी बंद केले होते."

त्यांनी आधी विचारलं, "किती वाजता?"

"अकरा एकोणीस."

डोळे मिटले. मग कुणाचं मशीन, ते विचारलं. बाळूदादाचं, टायमर माझा, म्हणालो. सलाइन थेंब थेंब.

"क्रिस्टल?"

"लावला नव्हता."

मान हलवली. फळ्यावर गणित चुकलं की हलवायचे तशी.

"मला सांगून बंद केलं असतंस तर?"

म्हणालो, तुम्हाला आधी ठाऊक असतं तर नोंद निर्मळ राहिली नसती.

"मी वर गेलो असतो, ऐकू येत नाही असं ऐकलं असतं, खाली आलो असतो. जिना एकदा चढलो असतो. तू मला चारदा चढवलास." थांबून थांबून म्हणाले. दम लागत होता. मग म्हणाले, "आणि डिश? डिश का नाही वळवलीस?"

"तुम्ही नको म्हणालात."

"मी सत्याहत्तर वर्षांचा आहे. मी नको म्हणणारच. तुला काय झालं होतं?"

उत्तर होतं माझ्याकडं. दिलं नाही. मलाही ते आभाळातले हवे होते, सरांइतकेच. कदाचित जास्त. सरांना निदान लाज वाटत नव्हती.

काकू चहा घेऊन वर आल्या. सरांनी भिंतीकडं तोंड केलं.

३ डिसेंबर, बुधवार

ऑपरेशनला नाही म्हणतायत. आता कशाला, एवढंच. महेशनं समजावलं, डॉक्टरांनी समजावलं. काकू बाहेरच्या बाकावर बसून होत्या. त्यांना सगळं सांगितलं, टायमर, वायर, बांधावर बसलो होतो ते. वाटलं दोन बोल ऐकवतील. त्या म्हणाल्या, "बसून बगत हुता व्हय." बस्, एवढंच. उठून आत गेल्या.

पुण्याच्या प्राध्यापकांना खुलासा लिहायला बसलो. पहिल्या खर्ड्यात 'शेजारच्या शेतातील यंत्रामुळे'. खोडलं. दुसऱ्यात 'स्थानिक बनावटीच्या टायमरमुळे'. स्थानिक बनावटीच्या! खोडलं. तिसऱ्यात: हा टायमर मी स्वतः बनवला होता, तीन मिनिटांचा फरक मला १६ नोव्हेंबरलाच दिसला होता, डिश वळवण्याची चाचणी मी केली नाही. तिसरा ठेवला. पाठवला नाही. सही दोघांची होती, खुलासाही दोघांचा हवा.

बाळूदादाला कळलंय. दवाखान्यात डबा घेऊन आला होता. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तिकडच्या लोकान्ला हरभरा आवडतो का, तेवढं इचारून घे." मग माझा चेहरा बघून म्हणाला, "चेष्टा केली रं. जेव तू."

४ डिसेंबर, गुरुवार

खर्डा सरांना वाचून दाखवला. भिंतीकडं तोंड होतं. वाटलं झोपलेत. संपल्यावर म्हणाले, "शेवटून दुसरं वाक्य. 'मी केली नाही' नको. 'आम्ही केली नाही' लिही."

तुम्ही महिना झाल्यावर करणारच होता, म्हणालो.

"आम्ही लिही."

लिहिलं. पाठवला. प्राध्यापकांचं उत्तर तासाभरात आलं, आधीच्यापेक्षा लांब. आमच्या नोंदी त्यांना विद्यार्थ्यांना दाखवायच्या आहेत, चूक कशी शोधावी म्हणून. सरांना वाचून दाखवलं. "चूक कशी लांबवावी म्हणून दाखव म्हणावं," म्हणाले. पण तोंड इकडं केलं होतं.

मग आकडे विचारायला लागले. मशीन बंद असताना दुपारची रेघ कशी आहे. डिश वळवून परत त्याच जागी बसते का. खडूनं खूण केलीय, बसते, म्हणालो. मग चुकलंच आपलं, म्हणाले. पहिल्या दिवसापासून रोज वळवायला हवी होती. रोज पाच मिनिटं जमिनीकडं, बाकी आभाळाकडं. असं वर्षभर केलं की आभाळाचा एक पट्टा तरी आपण नीट ऐकला असं छातीवर हात ठेवून सांगता येईल. तो रिकामा असला तरी.

"वर्षभर जिना कोण चढणार?" मी विचारलं. हेतू ठेवून विचारलं, ते मान्य करतो.

काकू खिडकीपाशी संत्रं सोलत होत्या. मागं न बघता म्हणाल्या, "महेश, लाव फोन सोलापूरला." सर नाही म्हणाले नाहीत.

६ डिसेंबर, शनिवार

सोलापूरला हलवलं. सोमवारी सकाळी अकराला घेणार. डॉक्टर महेशला एकट्याला बोलावून बोलले. महिन्यापूर्वी जेवढं सोपं होतं तेवढं आता नाही. हे महेशनं मला सांगितलं तेव्हा त्याला सगळं माहीत झालेलं होतं, काकूंकडून. म्हणाला, "दादा, आत्ता मी तुम्हाला काही बोलत नाही. नंतर बोलेन की नाही ते सोमवारवर आहे."

बरोबर आहे त्याचं.

टायमर काढून आणला. वहिनीला म्हणालो क्रिस्टल लावून देतो. ती म्हणाली, राहू द्या भावजी, आम्ही डबा रानातच खातो आता.

८ डिसेंबर, सोमवार

सोलापूरला जाणार होतो. सकाळी सातला सरांचा फोन आला. इथं गर्दी करू नकोस, म्हणाले, तू गच्चीवर बस. आजपासून पहिला दिवस धर.

म्हणालो, सर, आज तरी.

"तुझा विश्वास आहे का अजून? प्रस्तावना नको. हो का नाही."

खोटं बोलायची वेळ होती. हो म्हणालो असतो तर त्यांना बरं वाटलं असतं. नाही म्हणालो असतो तर निदान शहाणा ठरलो असतो. म्हणालो, "माहीत नाही."

"मग बसायलाच पाहिजे," म्हणाले. फोन काकूंकडं दिला. काकूंनी लगेच ठेवला.

९.४०. गच्चीवर. पाचही रानांत जाऊन आलो, मशीनं बंद, या खेपेला बायकांना विचारून. डिश आभाळाकडं.

१०.३०. पाच मिनिटं जमिनीकडं. परत खुणेवर.

११.०५. महेशचा मेसेज. आत नेलं.

१२.१५. रेघ साधी. खरखर.

१.३५. एकदा रेघ उचलल्यासारखी वाटली. उठून लगेच डिश जमिनीकडं केली. तेवढ्यात ती बसलीही होती, म्हणजे काहीच कळलं नाही. वेळ लिहून ठेवलीय. उद्या चार मिनिटं आधी पाहायचं.

२.२०. चार तास लागतील म्हणाले होते. तीन झाले.

३.१०. चार झाले. सुनंदा डबा घेऊन आली. सरांच्या खुर्चीत बसायला गेली आणि खाली चटईवर बसली.

३.५०. महेशचा फोन नाही. पडद्यावर काही नाही. फोनला रेंज आहे, पाहून घेतली. डिशची वायर घट्ट आहे, तीही हात लावून पाहिली. बसलोय.